आईची वीस वाक्यं

कलम लावल्याच्या अडतिसाव्या दिवशी पप्पा पहिलं पूर्ण वाक्य बोलले, आणि ते आईशी बोलले.

“चंद्रकला, मला थोडं पाणी देतेस का? घसा अगदी कोरडा पडला आहे.”

आईनं मागे वळून पाहिलं. पुण्याच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत आम्ही तिघंच होतो, तरी हे वाक्य आपल्याला उद्देशून असेल यावर तिचा विश्वास बसेना. एकेचाळीस वर्षांच्या संसारात पप्पांनी तिला नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. पाणी हवं असलं की “पानी आन वं” एवढं म्हणायचे, तेही ती घरात आहे की अंगणात हे न बघता. आता ते उशीला टेकून बसले होते आणि बातम्या वाचणाऱ्या माणसासारखं ठेवणीतलं मराठी बोलत होते. आईनं पेला भरून दिला. मी आनंदानं रडत होते आणि रडता रडता मोबाइलवर चित्रण करत होते. त्यात आईचा चेहरा आला आहे, पण तेव्हा मी तो नीट पाहिला नाही.

मी तेजल फेगडे. पुण्यात एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमचं गाव रावेर तालुक्यातलं, तापीच्या बाजूचं, आणि वडील लीलाधर फेगडे केळीचे बागायतदार. मी त्यांची एकुलती एक. पप्पांना पक्षाघात झाला तेव्हा हातपाय वाचले, वाचा मात्र पुरती गेली. उरलं काय, तर एक ते वीस आकडे आणि निवडक शिव्या. हे दोन प्रकार म्हणे मेंदूच्या दुसऱ्याच बाजूला राहतात. एक गोष्ट मात्र होती. आई बोलली की त्यांना बरंचसं कळायचं. मान हलायची, डोळे हसायचे. मी बोलले की ते नुसते बघत राहायचे. तेव्हा मला त्याचं वाईट वाटलं होतं, खरं कारण काय असेल याचा विचार मी केला नव्हता.

डॉक्टर मिनाझ तांबोळींनी उपचार समजावून सांगितला तो असा. पप्पांच्याच कातडीतल्या पेशी घ्यायच्या. त्यांना प्रयोगशाळेत मागे नेत नेत गर्भातल्या पेशींसारखं कोरं करायचं आणि मग मेंदूच्या पेशी व्हायला शिकवायचं. चिंचोक्याएवढा एक तुकडा तयार झाला की तो मेंदूतल्या जळालेल्या जागी ठेवायचा. आमच्याकडे सगळे त्याला सरळ ‘कलम’च म्हणू लागले, आणि डॉक्टरांनीही तो शब्द उचलला.

“इथे दोन सात्मीकरणं व्हायला हवीत,” त्या म्हणाल्या होत्या. “तुम्ही शिकवताच की. झाड मातीतला नायट्रोजन घेतं आणि त्याचं पान करतं. पानात माती दिसत नाही. तसं आधी शरीरानं या तुकड्याला आपलं मानायला हवं. तो त्यांचाच असल्यामुळे ते सोपं आहे. दुसरं अवघड. या तुकड्यानं भाषा खायला हवी.”

“खायला?”

“हो. तो तान्ह्या बाळासारखा आहे. कानावर जे पडेल ते घेणार आणि स्वतःचं अंग त्यातूनच घडवणार. जे पडणार नाही, त्याच्या वाटा तो छाटून टाकणार. आजूबाजूच्या जुन्या, अर्धवट उरलेल्या वाटासुद्धा. नव्वद दिवस हे दार उघडं असतं. नव्वदाव्या दिवशी आपण एक इंजेक्शन देतो, मग पेशींभोवती जाळी विणली जाते आणि दार बंद होतं. ते दिलं नाही, तर पेशी जोडण्या वाढवतच राहतात आणि कधीतरी आकडी येते. म्हणून नव्वद दिवस घरात बोलता तसं बोला. खूप बोला.”

घरात बोलता तसं. एवढी साधी सूचना होती. खोलीत भिंतीवर एक माइक होता, कुणी किती बोललं याची नोंद ठेवणारा. आणि आम्ही त्या माइककडे पाहून जे केलं ते आमच्याच मुलखातली माणसं करू शकतात. आम्ही शुद्ध बोलायला लागलो.

आमच्याकडे डॉक्टर, साहेब, मास्तर, पुण्याचा पाहुणा कुणीही समोर आला की जीभ आपोआप इस्त्रीचे कपडे घालते. भेटायला आलेले काका, मावशी, केळी विक्रीच्या ग्रुपचे लोक, सगळे खुर्चीत ताठ बसून “आता आपली तब्येत कशी आहे?” असं विचारायचे. दाराबाहेर गेले की लगेच “डाक्टरीन हुशार हाये बरं.” मी तर वीस वर्षं पुण्यातच राहिलेली. सतराव्या वर्षी होस्टेलला आले, पहिल्याच आठवड्यात माझ्या बोलण्यावर अख्खी मेस हसली, आणि सहा महिन्यांत माझं कलम कुठल्याही इंजेक्शनशिवाय पूर्ण झालं होतं.

आई या सगळ्यात बोललीच नाही. पदराचा बोळा तोंडाशी धरून कोपऱ्यात बसायची. डॉक्टरांनी विचारलं तर मान हलवायची. का बोलत नव्हती, ते मला माहीत होतं. पण ते पुढे येईल.

पंचेचाळिसाव्या दिवशी आम्ही गावी आलो. डॉक्टर दर शनिवारी पडद्यावर चाचणी घेत. घरातल्या प्रत्येकाच्या आवाजात वीस वाक्यं भरून ठेवली होती. वाक्य ऐकायचं आणि चार चित्रांपैकी बरोबर चित्रावर बोट ठेवायचं. माझी वीसपैकी एकोणीस यायची. काकांची सतरा. आईची पहिल्या शनिवारी तेरा आली.

गावात पप्पांचा रुबाब वाढला होता. पुण्याहून मेंदू घेऊन आला म्हणून लोक बघायला यायचे, आणि ते बोलायला लागले की समोरचा सावरून बसायचा. जो शुद्ध बोलतो त्याच्याशी आपणही शुद्ध बोलावं, ही आमच्याकडची रीत. ज्यांच्याशी पप्पा पन्नास वर्षं शेताच्या बांधावर बसून रांगड्या गप्पा मारत होते, ते मित्र आता “होय, बरोबर आहे आपलं” म्हणू लागले. सत्तराव्या दिवशी केळी उत्पादकांच्या मेळाव्यात त्यांना भाषण करायला बोलावलं. जन्मात माइक न धरलेला माणूस पंचवीस मिनिटं बोलला. टाळ्या थांबेनात. परत येताना गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते, आणि चेहऱ्यावर असं काही होतं की मला त्यांचा हात धरावासा वाटला.

“तेजल, मी जळगावला बँकेच्या मुलाखतीला गेलो होतो, तुझ्या जन्माच्या आधी,” ते म्हणाले. “साहेबानं दोनदा मला तेच वाक्य पुन्हा बोलायला लावलं. तिसऱ्यांदा शेजारच्या साहेबाला बोलावून बोलायला लावलं. नोकरी गेली याचं काही नाही, केळीनं मला पुष्कळ दिलं. पण ते दोघं कसे हसले होते, ते मी विसरलेलो नाही.”

त्याच संध्याकाळी आई चुलीपाशी बसून काहीतरी सांगत होती. शेजारच्या लग्नाचं असावं. पप्पा ऐकत होते. मग म्हणाले, “काय म्हणालीस?” तिनं पुन्हा सांगितलं. “अगं, नीट बोल ना. पुटपुटू नकोस.” तिनं तिसऱ्यांदा सांगितलं, जरा मोठ्यानं. पप्पांनी हसून मान हलवली. पाहुण्यांच्या घरी काही न कळल्यावर आपण हलवतो तशी. आईनं ते ओळखलं. तिनं विस्तवावरची भाकरी उलटली आणि पुढे काही सांगितलं नाही.

शनिवारी तिची सात वाक्यं आली. त्याच्या पुढच्या शनिवारी चार.

डॉक्टरांनी पडद्यावर आलेख उघडला. “तुमच्या आईंच्या बोलण्याची नोंद मी काढली,” त्या म्हणाल्या. “पुण्यातल्या सहा आठवड्यांत माइकवर त्यांची एकूण अकरा मिनिटं आहेत. बाकीच्यांची मिळून दोनशे तास. कलमाला ती भाषा मिळालीच नाही.”

“पण ती काय वेगळी भाषा आहे का? मला तर सगळं कळतं.”

“तुमच्याकडे दोन्ही आहेत, म्हणून कळतं. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो. त्यांची जुनी भाषा मेंदूतल्या रक्ताच्या गाठीनं जाळली. मेंदूच्या उजव्या बाजूला थोडे तुकडे उरले होते, त्यांच्या जोरावर त्यांना आईंचं कळत होतं. आता कलम वाढलं आणि ते तुकडे त्यानं आपल्यात ओढून घेतले. पचवले म्हणा. दार बंद झालं की चारची तीन होतील, दोन होतील. मग तिथेच राहतील.”

मी विचारलं, उपाय आहे का. त्यांनी सांगितला आणि सांगताना त्यांचा आवाज उतरला. इंजेक्शन लांबवायचं, जास्तीत जास्त एकवीस दिवस. त्या दिवसांत घरात फक्त आईनं बोलायचं. दुसरा एकही आवाज नको. रेडिओ नको, फोन नको, पाहुणे नकोत. मीसुद्धा नको. वीसपैकी चौदापर्यंत पोचलं, तर रोजचा संसार चालेल इतकं कळेल आणि बोलता येईल. पण नव्वद दिवसांनंतरचा प्रत्येक दिवस आकडीचा धोका वाढवतो. सातात एकाला येते. मोठी आली तर कलमच मरतं, आणि मग कुठलीच भाषा राहत नाही.

“आणखी एक. जागा तेवढीच आहे,” त्या म्हणाल्या. “इकडे भरेल तेवढं तिकडे रिकामं होईल. त्यांची भाषणं जातील. तुमची वाक्यंही कमी होतील, तेजल. किती, ते मी सांगू शकत नाही.”

“होऊ देत,” मी म्हणाले. इतक्या झटकन म्हणाले की ते शौर्य वाटावं. खरं तर मला ते कळलंच नव्हतं.

निर्णय पप्पांचा होता. कायद्यानं आणि तसाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. आई दाराच्या आत उभी होती.

“नाही,” पप्पा म्हणाले. “नव्वदाव्या दिवशी इंजेक्शन घ्यायचं.”

“पप्पा, आईचं तुम्हाला—”

“आईला शिकता येईल. ती शिकेल नीट बोलायला. एवढे सगळे बोलतात, तिलाच काय अडचण आहे?” ते चिडले नव्हते, हेच जास्त वाईट होतं. शांतपणे, मुद्देसूद बोलत होते. “मला पासष्ट वर्षांत पहिल्यांदा लोक ऐकून घेतात. मी तोंड उघडलं की कुणी हसत नाही. ते तू मला सोडायला सांगतेस? आणि आकडी आली तर? पुन्हा शिव्या आणि आकडे? तू पाहिलं आहेस ना मला तसं?”

पाहिलं होतं. पाच महिने पाहिलं होतं.

तेवढ्यात आई बाहेर आली. ओट्याच्या कडेला, त्यांच्यासमोर बसली. तोंडावरचा पदर तिनं काढला, आणि जे ती त्यांना कळलं असतं तर कधीच बोलली नसती ते बोलली.

“एकेचायीस वर्सं झाले. भांडले तुम्ही माह्याशी, बोलणे टाकले आठ आठ दिस, पन तुम्ही व्हते. तोंड बंद व्हतं तवाही व्हते. मी बोलले का डोये हासत तुमचे. आता घरात मानूस हाये आन् मी भिंतीसंगं बोलू राह्यली. त्यापक्षा तुम्ही मुके व्हते तेच बरे व्हते. देवा, असं बोलू नये, पन बोलते मी.”

पप्पांनी तिच्या तोंडाकडे बघत सगळं ऐकलं. कपाळावर आठ्या पडल्या होत्या. तिचा स्वर त्यांना कळत होता, डोळ्यांतलं पाणी दिसत होतं. मग ते माझ्याकडे वळले.

“काय म्हणते आहे ती?”

मी आईकडे पाहिलं.

“तेजल, काय म्हणाली ती? सांग ना.”

सांगता आलं असतं. दोन वाक्यांत, शुद्ध मराठीत, धार काढून. वर्गात मी हेच तर करते, अवघड ते सोपं करून सांगते. पण “मी नाही सांगणार,” मी म्हणाले. “बायको तुमची आहे. तिला विचारा.”

त्यांनी तिला विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं, या वेळी हुंदके देत. ते पुढे वाकले, एक हात कानामागे धरला. तिनं तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. हात जोडले, आणि आत निघून गेली. पप्पा त्या दाराकडे बघत होते. समोरच्या रस्त्यावरून कुणीतरी “नमस्कार फेगडे साहेब” म्हणालं, त्याला त्यांनी उत्तर दिलं नाही.

“एकवीस दिवस,” शेवटी ते म्हणाले. “डॉक्टरांना कळव. आणि हे तुझं-माझं शेवटचं बोलणं समज, इतक्या सहज होणारं.”

म्हणजे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

ज्या दिवशी दार बंद व्हायचं होतं, त्या दिवसापासून घरात आईचा एकटीचा आवाज सुरू झाला. आम्ही मळ्यातल्या घरात राहायला गेलो, म्हणजे पाहुणे नकोत. डॉक्टरांनी दार बंद करणाऱ्या त्या इंजेक्शनची पेटी पाठवली होती, ती मी कमरेला बांधून फिरायचे. तोंडाची उजवी कड उडायला लागली की पाच मिनिटांत मांडीत द्यायचं. जेवतानासुद्धा माझं लक्ष त्यांच्या ओठांवर असायचं.

पहिले दोन दिवस आईला बोलायला सुचेना. “काय बोलू बाई?” असं माझ्याकडे बघून विचारायची, आणि मी तोंडावर बोट ठेवून हातवारे करायचे. मग धरण फुटलं. तिनं केळीच्या बागेतून चालताना बोलायला सुरुवात केली ती थांबेना. कुठल्या घडाला डाग पडला, बुंध्याशी फुटलेलं कोणतं पिल ठेवायचं आणि कोणतं कापायचं, तिच्या माहेरची विहीर, सासूनं पहिल्या दिवाळीला काय म्हटलं, माझ्या वेळी कळा कशा आल्या. भाकरी थापताना बोलायची, वांगी भाजताना बोलायची. तिला इतकं बोलता येतं, हे मला अडतिसाव्या वर्षी कळलं. मधूनच पप्पांच्या गुडघ्यावर चापट मारून विचारायची, “समजलं का?” आणि ते मान हलवायचे, या वेळी खरी.

त्यांचं बोलणं मात्र मोडत चाललं होतं. पाचव्या दिवशी त्यांना ‘त्याचप्रमाणे’ हा शब्द आठवेना. आठव्या दिवशी ते एक वाक्य शुद्ध सुरू करून आईच्या बोलीत संपवू लागले. दहाव्या दिवशी मेळाव्यातलं भाषण म्हणून बघत होते. दोन ओळी आल्या, पुढे काही येईना. ते बागेत जाऊन एकटे बसले. मी मागे गेले नाही. जाऊन काय बोलणार होते?

अकराव्या दिवशी आई ओसरीवर शेंगा सोलत होती आणि पुण्याचं सांगायला लागली.

“पहिल्या दिशी मी तुमच्याशी बोलाले गेले ना, तवा तेजूनं डाक्टरनीले काय सांगतलं, ठावं हाये? म्हने, आईचं राहू द्या, तिचं बोलणं जरा गावठी आहे. माह्या समोर बोलली. मंग मी कायले बोलू? लेकीची लाज जाईन म्हनून गप बसले मी. तिचं चुकलं नाही. तिलेबी कोनी हासलं असन तठी. पन म्या गप बसाले नको व्हतं. माह्याच मानसाचं नुकसान केलं म्या.”

मी चार हात लांब बसले होते. मला ओरडून सांगायचं होतं की चूक माझी आहे, तुझी नाही. पाय धरायचे होते. पण एक शब्द बोलायची परवानगी नव्हती. मी तिच्या ताटलीतल्या शेंगा घेऊन सोलायला लागले, आणि दिसत नव्हतं काही, म्हणून टरफलं दाण्यांत आणि दाणे टरफलांत टाकत राहिले. आईनं पाहिलं, माझा हात बाजूला केला आणि स्वतः निवडू लागली. पप्पा माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं. त्या आठवड्यात आईची अकरा वाक्यं आली होती.

सोळाव्या दिवशी दुपारी जेवणं झाली. ते तिला बघायला आले होते तेव्हाचं आई त्यांना सांगत होती. त्यांच्याबरोबर कोण कोण होतं, कुणी किती पोहे खाल्ले. पप्पा खाटेवर आडवे होऊन हसत होते. आणि मला त्यांच्या ओठाची उजवी कड उडालेली दिसली. एकदा. मग दोनदा.

मी पेटी उघडली. सुई काढली. पप्पांनी ते पाहिलं आणि डावा हात वर करून मला थांबवलं. तळहात माझ्याकडे, बोटं ताठ. आई माझ्याकडे वळली आणि तिचं बोलणं तुटलं.

“बोल,” पप्पा म्हणाले. “पुढं काय झालं? बोल तू.”

आता त्यांचा गालही उडत होता. मी घड्याळ लावलं होतं. एक मिनिट गेलं. आई बोलत होती. तिला त्या दिवशी आतल्या खोलीतून त्यांचे फक्त पाय दिसले होते, चपला काढलेले, नखांत केळीचा चीक वाळलेला. सगळे म्हणत होते, मुलगा शिकलेला आहे, बँकेत लागणार आहे. दोन मिनिटं. पप्पांचा वर केलेला हात हलत होता, पण खाली येत नव्हता. चौदा व्हायला हवी होती आणि आमच्याकडे अकरा होती, आणि माझ्या हातात ती सुई. अजून पाच दिवस मिळायला हवे होते. तीन मिनिटं. त्यांच्या उजव्या हाताची बोटं वळायला लागली.

“बस,” मी मोठ्यानं म्हणाले. सोळा दिवसांत पहिला शब्द. त्यांचा हात बाजूला सारला आणि धोतरावरूनच मांडीत सुई घातली. आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोलतच राहिली, ते ताठ झाले तरी बोलत राहिली, डोळे वर गेले तरी बोलत राहिली, गाडी येईपर्यंत.

जळगावच्या दवाखान्यात ते दोन दिवस बेशुद्ध होते. कलम जिवंत आहे, असं डॉक्टर तांबोळींनी पडद्यावरून तपासून सांगितलं. दार बंद झालं आहे. आत काय राहिलं, ते जागे झाल्यावरच कळेल. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले. छताकडे बघितलं, मग खिडकीकडे. मी खाटेच्या एका बाजूला होते आणि दुसऱ्या बाजूला आई. ती गप्प होती. सोळा दिवस जिची जीभ थांबली नव्हती, तिच्या तोंडून शब्द फुटेना. ओठ हलायचे आणि थांबायचे. मी तिला खुणावलं, बोल. तिनं मान हलवली. भीती वाटत होती तिला. बोलून बघितलं आणि त्यांनी पाहुण्यासारखं हसून मान डोलावली, तर पुढे काय उरणार होतं?

थर्मासमधला चहा तिनं कपात ओतला. खूप वेळ चमचा ढवळत राहिली. मग त्यांच्याकडे न बघता, कपाकडे बघत म्हणाली, “चाहा आनला हाये. साखर टाकली नाही अजून.”

पप्पांनी मान तिच्याकडे वळवली. ओठ ओले केले. जीभ जड होती त्यांची.

“टाक मंग,” ते म्हणाले. “दोन चमचे टाक. डाक्टरीन पाहू नाही राह्यली.”

आईच्या हातातला कप पलंगाच्या कठड्यावर आपटला आणि अर्धा चहा चादरीवर सांडला. “सांडोला का आता!” पप्पा खेकसले, आणि ती हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही. मी उठून त्यांच्यापाशी गेले.

“पप्पा, बरं वाटतंय ना आता? खूप घाबरवलंत तुम्ही आम्हाला. काही त्रास होतोय का?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रेमानं पाहिलं, ओळखलं, माझ्या गालावर हात ठेवला. पण माझ्या बोलण्यातलं ते काही शोधत होते. कपाळावर आठ्या पडल्या. एखादा शब्द सापडला असावा, पुढचे निसटले असावेत. ते हरवल्यासारखे झाले आणि मला वाटलं, इथेच थांबावं, यांना आणखी त्रास नको. मी डोळे पुसले. लहानपणी मी ज्या बोलीत जेवायला मागत होते, ती आठवायला लागले. वीस वर्षांत ती माझ्या तोंडून बाहेर पडली नव्हती. सोळा दिवस मी ती ऐकली होती, तेवढ्यावर भिस्त.

“पप्पा,” मी म्हणाले, “तुमाले... दुखू... राह्यलं का कुठी?”

पप्पांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं आणि ते आईकडे वळले.

“बोलते वं पोरगी,” ते म्हणाले. “शिकीन हयूहयू.”